लघवीतलं रक्त थांबलं म्हणजे गाठ विरघळली?

‘मूत्रवाहिनीची गाठ कापू नका, एकवीस दिवस काढा घ्या’ असा फॉरवर्ड फिरतोय. मूत्रवाहिनी म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी नेणारी नळी, आणि इथे बोलतोय ते तिच्यातल्या कर्करोगाच्या गाठीबद्दल. जवळच्या एका माणसाने तो वाचून ठरलेली तपासणी पुढे ढकलली, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

‘काढ्याने तीन दिवसांत रक्त थांबतं, म्हणजे गाठ विरघळते.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. या गाठीचा पृष्ठभाग ठिसूळ असतो. ती मधूनमधून रक्त सोडते आणि आपोआप थांबते, काढा घ्या वा नका घेऊ. बहुतेकदा दुखतही नाही. दुखलंच तर रक्ताची गुठळी नळीतून उतरताना कळ येते आणि सगळे ‘खडा असेल’ म्हणून मोकळे. सोनोग्राफीत किडनीची सूज दिसते, पण मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यातल्या हवेआड लपतो. त्यासाठी सीटी युरोग्राफी लागते: आधी साधी चित्रं, मग शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उठून दिसणारा द्रव, आणि तो मूत्रवाहिनीत उतरला की साधारण दहा मिनिटांनी पुन्हा चित्रं. कॉन्ट्रास्टच्या रेघेत खाच दिसली आणि साध्या चित्रात तिथे पांढरा खडा नसला, तर गाठीचा संशय. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे किडनी कमी काम करत असेल, तर आधी सांगा, एमआर युरोग्राफीचा (एमआरआयने तीच चित्रं) पर्याय आहे.

आणि काढा कशाचा? यादीत चक्क ईश्वरी आहे. ती अरिस्टोलोकिया वर्गातली वनस्पती. त्यातलं अरिस्टोलोकिक आम्ल किडनी निकामी करतं आणि नेमका याच मार्गाचा कर्करोग घडवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते खात्रीच्या कर्करोगकारकांत, पहिल्या गटात टाकलंय. रोगाचं कारणच औषध म्हणून वाटायचं!

‘बायोप्सीने कर्करोग पसरतो.’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. दुर्बीण घालून तुकडा घेतल्यावर पुढे मूत्राशयात नवी गाठ होण्याचं प्रमाण वाढतं. म्हणून सीटी आणि लघवीतल्या पेशींची तपासणी यांवरून निदान स्पष्ट असेल तर दुर्बीण टाळता येते. पण किडनी वाचवायची की नाही हे ठरवायचं असेल, तर तुकडा लागतोच.

‘किडनी उगाच काढतात.’ नाही. गाठ एकच, दोन सेंटिमीटरहून लहान, कमी ग्रेडची (कमी आक्रमक पेशींची), लघवीची पेशी-तपासणी स्वच्छ आणि सीटीत खोल शिरलेली नसेल तर लेसरने जाळतात. खालच्या टोकाला असेल तर तेवढाच तुकडा काढून नळी मूत्राशयाला पुन्हा जोडता येते. बाकीच्या जोखमीच्या गाठींत किडनी, पूर्ण मूत्रवाहिनी आणि मूत्राशयाचा तिच्या तोंडाभोवतीचा भाग काढावा लागतो. नळीचा खुंट ठेवला तर गाठ तिथेच उगवते.

‘केमो निरुपयोगी.’ 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला ‘पाउट’ अभ्यास बघा: 261 रुग्ण, स्नायूपर्यंत वा पुढे गेलेली किंवा लसिकाग्रंथींत पोचलेली गाठ, शस्त्रक्रियेनंतर 90 दिवसांच्या आत केमो सुरू. तीन वर्षांनी रोगमुक्त 71 टक्के. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत 46. एक किडनी गेल्यावर सिसप्लॅटिन हे केमोचं औषध झेपेलच असं नाही, म्हणून काहींना ते शस्त्रक्रियेआधीच देतात.

‘ऑपरेशन झालं की सुटका’ हेही खोटं. मूत्राशयात पुन्हा गाठ होणं इथे नेहमीचंच, म्हणून शस्त्रक्रियेनंतर मूत्राशयात केमोचा एक डोस सोडतात आणि तीन महिन्यांनी दुर्बिणीने आत बघतात, लघवी कितीही स्वच्छ असली तरी.