कॅमेरा खुळखुळतोय!

प्रश्न साधा होता: कॅननचा आर१० कॅमेरा घ्यावा की आर७? दोन्ही २०२२चे, दोन्हींत एपीएस-सी आकाराचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप), दोन्हींना आरएफ माउंट (लेन्स बसवायची खाच). आर१० म्हणजे २४ मेगापिक्सेल, बॅटरी-कार्ड धरून ४२९ ग्रॅम, कार्डाचा स्लॉट एकच. आर७ म्हणजे साडेबत्तीस मेगापिक्सेल, ६१२ ग्रॅम, दोन स्लॉट, मोठी बॅटरी आणि बॉडीतच स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरायची सोय. मुंबईच्या बोरा बाजारातल्या एका दुकानात दोन्ही बॉड्या काउंटरवर मांडून घेतल्या, आणि पेनड्राइव्हवर फोटो भरून घ्यायला आलेल्या एका काकांनी न विचारता आर७ उचलला. कानाशी नेला. नारळातलं पाणी बघतात तसा हलवला.

"आत काहीतरी सुटलंय."

"सुटलेलं नाही काका, तो सेन्सर आहे."

"मग सेन्सर सुटलाय!"

सेन्सर सुटाच असतो हो! हात थरथरला की तेवढाच सरकून तो चित्र जागच्या जागी धरतो. त्याला पेलून धरणारे विद्युतचुंबक कॅमेरा बंद असताना निजलेले असतात, म्हणून खुळखुळ. चालू केला की आवाज गायब. पण चालू कसा करणार? डेमो पीसची बॅटरी मेलेली. ती कायमच मेलेली असते. लाखाच्या घरातली वस्तू विकायला बसतात आणि एक बॅटरी चार्ज करून ठेवत नाहीत.

सेल्समनने मुकाट्याने दुसरा पीस काढला. काकांनी तोही हलवला. "अख्खा लॉटच गेलाय." मग आर१० हलवला. शांत. "हा बघा, सॉलिड! आमच्या याशिकाचाही कधी आवाज आला नाही."

याशिकात रीळ होतं, काका. आणि आर१०मध्ये ही सोयच नाही, तर खुळखुळणार काय, कपाळ?

सेल्समन मात्र माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, काकांना अनुभव आहे." हे अजून डाचतंय.

बरं, स्टॅबिलायझेशनचंही फार कौतुक नको. आरएफ ५० एमएम एफ/१.८ या लेन्समध्ये स्वतःचं स्टॅबिलायझेशन नाही. गाभाऱ्यातली मूर्ती टिपायची तर आर१०वर शटर सेकंदाच्या १/१००च्या आसपास ठेवावं लागतं. आर७वर १/१०लाही निभावतं. पण मूर्ती हलत नाही. धावत्या पोराला १/५०० लागतोच, तिथे स्टॅबिलायझेशन काहीच करत नाही. तिथे जास्त प्रकाश घेणारी लेन्स लागते, म्हणजे एफचा आकडा लहान असलेली. किटमधली, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-४५ झूम लेन्स लांबच्या टोकाला एफ/६.३ होते, एफ/१.८ त्याच्या बारापट प्रकाश आत घेते. हे काउंटरवर कोणी सांगत नाही. सांगतात काय, तर बॅग फ्री, ट्रायपॉड फ्री. त्या ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून कोणी शिंकू नये. आर७चं इलेक्ट्रॉनिक शटर सेकंदाला ३० फोटो काढतं खरं, पण सेन्सर ओळीओळीने आणि सावकाश वाचला जातो, त्यामुळे फिरवलेली बॅट फोटोत वाकडी येते. हेही कोणी सांगत नाही.

शेवटी बिलाचं विचारलं. सेल्समनने काकांकडे पाहिलं.

"बिनबिलाचा घ्या," काका म्हणाले, "स्वस्त पडतो."

बिनबिलाचा म्हणजे बहुतेक वेळा बाहेरून आणलेला माल, ज्याला इथली कंपनीची वॉरंटी नाही. उद्या सेन्सर खरंच सुटला तर कॅमेरा घेऊन जायचं कुठे, काकांच्या घरी?