क्लिफर्ड्स टॉवर: विल्यमचा किल्ला म्हणजे ते टेकाडच

इंग्लंड सहलीच्या फोटोंसोबत एक मजकूर सध्या पुढे ढकलला जातोय: ‘यॉर्कचा क्लिफर्ड्स टॉवर हा विल्यम द कॉन्कररने १०६८ मध्ये बांधलेला दगडी किल्ला. खालचं टेकाड नुसती माती. पण तिथलं सरकार अशी जागा ताब्यात घेतं, मग कुदळ लावायची कुणाची हिंमत नाही!’ लिहिणाऱ्याचा हेतू कौतुकाचा आहे, माहिती मात्र बरीच चुकलेली.

दगड विल्यमचा नाहीच. फ्रान्सच्या नॉर्मंडीतून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमला आणि त्याच्या माणसांना, म्हणजे नॉर्मनांना, घाई होती. माती ओढून टेकाड रचायचं, वर लाकडी मनोरा ठोकायचा, की झाला किल्ला. १०६८-६९ मध्ये ऊस नदीच्या दोन काठांवर असे दोन उभे राहिले, डेन्मार्कहून आलेल्या डेन लोकांनी आणि स्थानिक बंडखोरांनी ते पाडले, नॉर्मनांनी पुन्हा उभारले. चार पाकळ्यांचा दगडी बुरूज राजा तिसऱ्या हेन्रीचा, १२४५ नंतरचा. विल्यमच्या किल्ल्यातलं आज उरलंय ते टेकाडच.

आता ‘नुसती माती’. मार्च ११९० मध्ये यहुदीविरोधी जमावापासून जीव वाचवायला सुमारे दीडशे यहुदी याच टेकाडावरच्या लाकडी मनोऱ्यात शिरले. सुटका नाही हे कळल्यावर बहुतेकांनी आपल्या माणसांचा आणि स्वतःचा जीव घेतला; मनोरा जळाला; अभयाच्या शब्दावर बाहेर आलेल्यांना जमावाने कापून काढलं. १९०२-०३ मध्ये बुरुजाचा पाया सावरताना टेकाडाच्या पोटात जळकं लाकूड सापडलं. असले थर एकदा उकरले की गेले. (फोटोतला उतारही सगळा जुना नाही. एकोणिसाव्या शतकात तुरुंगाच्या भिंतीसाठी पायथा कापला होता. १९३५ मध्ये भिंत पाडल्यावर तो पुन्हा भरला.)

सरकारी ताब्याचं म्हणाल, तर प्राचीन वास्तूंसाठीच्या १९७९ च्या कायद्याने संरक्षित यादीत नाव आलं म्हणून मालकी बदलत नाही. कित्येक नॉर्मन टेकाडं खासगी शेतांत आहेत. मात्र खोदायला, सपाट करायला मालकालाही सरकारी संमती लागते, आणि अशा जागी विनापरवाना मेटल डिटेक्टर फिरवणं गुन्हा आहे.

आणि हिंमत? ती खुद्द देखभाल करणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेनेच केली. याच टेकाडाच्या पायथ्यात पर्यटक केंद्र बसवायचा त्यांचा बेत होता, २०१६ मध्ये महापालिकेने परवानगीही दिली. विरोधक उच्च न्यायालयात हरले, पण हटले नाहीत. २०१८ मध्ये बेत सोडावा लागला. २०२२ मध्ये खुला झालेला लाकडी सज्जा बुरुजाच्या आत आहे, चार खांबांवर, आणि त्याचा भार पसरट पायावर वाटून दिलाय.