युनियन नको असेल तर छापखाना असा चालवा

वागळे इस्टेटमध्ये नवं ऑफसेट मशीन टाकलंत आणि कामगार चहाच्या टपरीवर जरा जास्तच कुजबुजताहेत? घाबरू नका, शेठ. या दुखण्यावर छापखान्याच्या मालकांकडे दोनशे वर्षांचे जालीम उपाय आहेत.

आधी पगार कापा. 1786 मध्ये फिलाडेल्फियाच्या मालकांनी कापून पाहिला. 26 कारागीर आठवड्याच्या सहा डॉलरवर अडून बसले आणि काम बंद पडलं. मुहूर्त चांगला लागला म्हणायचा.

मग पगार नगावर आणा. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या काळात कंपोझिटरला, म्हणजे ती जुळवणाऱ्याला, हजार 'एम'मागे दर असे. एम म्हणजे टाइपाच्या उंचीएवढा चौकोन. खुबी अशी, की पैसे फक्त जुळवणीचे. छापून झाल्यावर फर्मा, म्हणजे बांधलेली पानं, सोडून एकेक खिळा केसमधल्या, म्हणजे खणांच्या पेटीतल्या, आपापल्या घरात परत टाकायचा, त्यात दिवसाचा मोठा वेळ जायचा, तो दरातच धरलेला. मजकूर उशिरा आला तर खिळे जुळवायची स्टिक रिकामी घेऊन फुकट उभं राहायचं. आणि कविता, जाहिराती असा पांढऱ्या जागेचा मजकूर, म्हणजे कमी खिळ्यांत जास्त एम, तो तुमच्या लाडक्याला. हा उपाय फार गुणकारी. लोण्याचा गोळा कुणाच्या ताटात पडतोय यावर नजर ठेवायला एरवी एकमेकांशी न बोलणारी माणसंही एकत्र येतात. तुमच्याकडे खिळे नाहीत? हरकत नाही. पैसे इंप्रेशनवर, म्हणजे छापून निघालेल्या नगांवर द्या आणि प्लेट बदलणं, ब्लँकेट (शाई कागदावर उतरवणारं रबर) धुणं, रजिस्टर (रंगावर रंग) जुळवणं धर्मादाय समजा.

शिकाऊ पोरं भरपूर भरा, संप झालाच तर परगावची माणसं आणा. अमेरिकेत हे इतकं मन लावून केलं गेलं, की 1852 मध्ये सिनसिनाटीला गावोगावच्या संघटनांची मिळून नॅशनल टायपोग्राफिकल युनियन उभी राहिली. गाव बदलणाऱ्याच्या खिशात युनियनचं कार्ड, आणि संपफोड्यांना नाव पडलं 'उंदीर'. मग न्यूयॉर्कच्या मालकांनी संपात बायका बसवल्या. त्यांच्यातल्याच ऑगस्टा लुईसने बायकांची युनियन काढली आणि 1870 मध्ये ती मोठ्या युनियनची पत्रव्यवहार सचिव झाली.

रामबाण म्हणजे पोलीस. 1872 मध्ये टोरांटोचे कंपोझिटर नऊ तासांच्या दिवसासाठी संपावर गेले. 'ग्लोब' वर्तमानपत्राचे मालक जॉर्ज ब्राउन यांनी पुढाऱ्यांना कटाच्या आरोपाखाली पकडवलं. ब्राउन यांचे राजकीय वैरी पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी त्याच वर्षी युनियनला कायदेशीर ठरवणारा कायदा आणला आणि कामगारांचे कैवारी म्हणून मिरवून घेतलं.

हे परदेशातलं झालं म्हणाल, तर कलकत्त्यातही 1905 साली सरकारी छापखान्यांच्या संपातूनच प्रिंटर्स युनियन निघाली. आणि ठाण्याच्या पाण्यालाच दोष द्यायचा असेल, तर तेही खरं. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे 1848 साली इथेच जन्मले. त्यांच्या हातात 'दीनबंधु' हे वर्तमानपत्र होतं, म्हणजे पुन्हा छापखानाच.

एक काळजी घ्या. 'युनियन केल्यास खैर नाही' ही नोटीस आपल्या प्रेसवर छापू नका. कंपोझिटर मालकाचं पत्र उलट्या खिळ्यांतूनही सर्वांच्या आधी वाचायचा. तुमचा प्लेट काढणारा तर सरळच वाचतो. घरच्या प्रिंटरवर काढा. शाई संपली असेल तर तीन हात नाक्याला झेरॉक्स मारा, फक्त दुकानवाल्याचा भाऊ कुठे कामाला आहे ते आधी विचारून घ्या.