दहाचा शिफ्टर, दहाचाच डिरेलर, तरी गिअर पडत नाहीत

सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एक सल्ला पुन्हा पुन्हा येतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, गाभा असा: ‘दुकानातल्या तयार सायकलीवर पैसे घालवू नका. चांगली फ्रेम घ्या, पार्ट वेगवेगळे मागवा, घरी जोडा. कंपनी एक ठेवा, स्पीडचा आकडा जुळवा, चाकाचा इंच जुळवा. उरलंसुरलं मिस्त्री बसवून देतो. निम्म्या किमतीत दुप्पट सायकल!’

स्वतः सायकल बांधायला माझा विरोध नाही. हौस असेल त्याने जरूर बांधावी. पण हा सल्ला शब्दशः पाळला, तर घरात न बसणाऱ्या पार्टांचा ढीग साठेल.

‘कंपनी एक ठेवा, स्पीड जुळवा.’ स्पीड म्हणजे मागच्या गिअरांची संख्या. सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात, म्हणून जरा खोलात जाऊ. हँडलवर गिअर बदलायचा खटका असतो, तो शिफ्टर. त्याचा एक क्लिक झाला की तो ठरावीक मिलिमीटर केबल ओढतो. मागच्या चाकापाशी चेन सरकवणारा डिरेलर त्या ओढीच्या काही पट बाजूला सरकतो. मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या म्हणजे स्प्रॉकेट, त्यांचा संच म्हणजे कॅसेट. हा गुणाकार कॅसेटच्या शेजारशेजारच्या दोन स्प्रॉकेटांमधल्या अंतराएवढा आला, तरच चेन नेमकी पुढच्या दात्यांवर बसते. दहा स्पीडच्या कॅसेटमध्ये हे अंतर साधारण ३.९५ मिमी असतं. सायकलचे पार्ट बनवणाऱ्या शिमानोचा रोड सायकलींसाठीचा जुना दहा स्पीड शिफ्टर एका क्लिकला सुमारे २.३ मिमी केबल ओढतो, त्याच्या जोडीचा डिरेलर १.७ पट सरकतो. हिशेब बसला. शिमानोचाच एमटीबीचा, म्हणजे माउंटन बाइकचा, दहा स्पीड शिफ्टर सुमारे ३.४ मिमी ओढतो, त्याचा डिरेलर १.२ पट सरकतो. हाही बसला. आता घाट चढायला मोठी कॅसेट हवी म्हणून रोडच्या शिफ्टरला एमटीबीचा डिरेलर लावून बघा. २.३ गुणिले १.२, म्हणजे जेमतेम २.८ मिमी. दर क्लिकला मिलिमीटरभराहून जास्त तूट, नऊ क्लिकांत सेंटिमीटरभर. ज्या मोठ्या स्प्रॉकेटसाठी हा खटाटोप केला, तिथवर चेन पोचतच नाही. केबलचा ताण कमीजास्त करूनही उपयोग नाही; ताणाने फक्त सुरुवातीची जागा सरकते, क्लिकचा टप्पा तेवढाच राहतो.

गंमत म्हणजे त्याच रोड शिफ्टरला शिमानोचा नऊ स्पीडचा एमटीबी डिरेलर लावला की गिअर सुरळीत पडतात, कारण त्याचीही पट १.७ आहे. आणि शिमानोचे रोड सायकलींसाठीचे दोन ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकच्या पार्टांचे संच, बघा, टियाग्रा ४६०० नि २०१५ साली आलेली टियाग्रा ४७००: कंपनी एक, नाव एक, दोन्ही दहा स्पीडच्या. पण ४७०० ची ओढ अकरा स्पीडच्या रोड ग्रुपसेटसारखी ठेवलेली आहे, त्यामुळे एकीचा शिफ्टर दुसरीच्या डिरेलरशी जुळत नाही. वापरलेले पार्ट विकणारे नुसतं ‘टियाग्रा, १० स्पीड’ लिहितात. डिरेलरवर कोरलेला आरडी-४६०० किंवा आरडी-४७०० हा नंबर दिसेल असा फोटो मागा, मगच पैसे पाठवा.

कॅसेट आणि हब (चाकाच्या मधला तुंबा) यांच्या बाबतीतही नुसत्या आकड्यावर जाऊ नये. शिमानोच्या अकरा स्पीड रोड कॅसेटला जुन्या फ्रीहबपेक्षा (हबचा कॅसेट चढवायचा भाग) १.८५ मिमी लांब फ्रीहब लागतो, पण ११ ते ४२ दात्यांची अकरा स्पीड एमटीबी कॅसेट मात्र जुन्यावरच बसते. शिमानोच्याच बारा स्पीडच्या डिओर या एमटीबी ग्रुपसेटला वेगळाच, मायक्रो स्प्लाइन नावाच्या खाचांचा फ्रीहब हवा. स्वस्तातल्या सात गिअरच्या सायकलींना तर बहुधा कॅसेट नसतेच. आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. तिथे कॅसेट हवी असेल तर हब बदला, म्हणजे मागचं चाक नव्याने विणून घ्या.

‘चाकाचा इंच जुळवा.’ कुठला इंच? सव्वीस इंची एमटीबीच्या रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास ५५९ मिमी असतो, २६ बाय १ ३/८ चा ५९०. आपल्या काळ्या, दांड्याच्या सायकलीचं २८ बाय १ १/२ चं रिम ६३५ मिमीचं, तर २९ इंची एमटीबीचं ६२२. म्हणजे अठ्ठावीसचं रिम एकोणतीसच्या रिमपेक्षा १३ मिमी मोठं! टायरच्या बाजूला ३७-६२२ असा आकडा छापलेला असतो, त्यातला दुसरा जुळवा आणि इंच विसरा.

‘मिस्त्री बसवून देतो.’ मिस्त्री बरंच काही बसवतो, हे खरं. मागच्या हबला १२६ मिमी जागा असलेल्या जुन्या स्टीलच्या फ्रेममध्ये १३० चा हब जाणकार माणूस फ्रेम फाकवून बसवू शकतो. ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर तोच प्रयोग केलात तर फ्रेम कामातून जाईल.

पण ब्रेकमध्ये जुगाड नको. सरळ हँडलच्या हायब्रिड सायकलीला ड्रॉप, म्हणजे खाली वळलेलं, हँडल लावायची टूम आहे. सरळ हँडलची जाडी २२.२ मिमी, ड्रॉपची ब्रेक लिव्हरजवळ २३.८, म्हणजे जुन्या लिव्हर गेल्या. रोडच्या नव्या लिव्हर आणल्या तर हायब्रिडच्या व्ही-ब्रेकला (लांब हातांनी दोन्ही बाजूंनी रिम दाबणारा ब्रेक) हवी त्याच्या साधारण निम्मीच केबल त्या ओढतात. पॅड रिमला धड दाबले जाण्याआधीच लिव्हर हँडलला टेकते. ताम्हिणीच्या उतारावर हे कळून उपयोग काय? हायड्रॉलिक ब्रेकचं आणखी वेगळं: शिमानोत मिनरल ऑइल, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकांत डॉट फ्लुइड. एकात दुसरं भरलं की आतली सीलं खराब होतात.

सरसकट जुळणाऱ्या गोष्टीही आहेत, नाही असं नाही. पेडलचे आटे बहुतेक सगळीकडे ९/१६ इंची, डावीकडचे उलटे. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर सर्वत्र अर्धा इंच. मात्र चेनची रुंदी स्पीडप्रमाणे बदलते, तिथे आकडा जुळवावाच लागतो. एवढ्यापुरता त्या सल्ल्याला मान.

राहिली निम्मी किंमत. सायकल कंपन्या ग्रुपसेट हजारांनी उचलतात, त्यांना पडतो तो भाव एकट्या गिऱ्हाईकाला मिळत नाही. शिवाय बीबीचा (पेडलच्या दांड्यांमधल्या बेअरिंगचा) पाना, कॅसेटचं टूल, कॅसेट धरून ठेवायची चेन व्हिप, केबल कटर यांचा खर्च सल्ला देणारा धरतच नाही. खरोखर स्वस्तात बांधायचं असेल तर चालू स्थितीतली अख्खी जुनी सायकल घ्यावी आणि तिचे शिफ्टर, डिरेलर, कॅसेट, चाकं, ब्रेक एकगठ्ठा आपल्या फ्रेमवर आणावेत. ते एकमेकांशी जुळतात हे आधीच चालवून बघता येतं. मग फ्रेमपुरती मापं घ्यायची: मागच्या हबची रुंदी, बीबीचे आटे, हेडसेट (हँडलच्या मुळाशी बसणारी बेअरिंग), ब्रेक बसायची जागा.