कॅप्टन बसला कशावर?

विज्ञानकथेच्या पहिल्या वाक्याने वाचकाची मानगूट धरावी म्हणतात. माझ्या वाक्याने माझीच धरली.

वाक्य अगदी साधं होतं. ‘कॅप्टन आपल्या केबिनमध्ये विचारात गढून बसला होता, तेवढ्यात उपकप्तान चिठ्ठी घेऊन धावत आला.’ चिठ्ठीत काय आहे ते मला पक्कं माहीत होतं. पुढची वीस-बावीस पानंही डोक्यात तयार होती. फितुरी, पाठलाग, शेवटी स्फोट, सगळं. मोठ्या हौसेने लेकीला वाचून दाखवलं. ती सातवीत आहे आणि सातवीतल्या माणसांना दयामाया नसते.

“बाबा, बसला होता कशावर?”

“कशावर म्हणजे? खुर्चीवर.”

“अंतराळात? तरंगत नाही का तो?”

मी म्हटलं, यानात कृत्रिम गुरुत्वाकर्षण आहे. “ते कसं काय?” तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, “आणि चिठ्ठी कशाला? मेसेज नाही का करता येत?”

मेसेज करता आला असता तर उपकप्तानाला केबिनमध्ये यायचं कारणच उरलं नसतं, आणि मला तर केबिन दाखवायची होती. त्या दिवसापासून उपकप्तान दाराबाहेर उभा आहे. आतलं सामान लागल्याशिवाय त्याला घेणार कसा?

मग मी संशोधनाला लागलो, म्हणजे टीव्हीसमोर आडवा झालो. १९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या अंतराळयानाच्या टीव्ही मालिकेतला कॅप्टन आपली नोकरी सगळ्यांदेखत करायचा. नियंत्रण कक्षाच्या मधोमध फिरती खुर्ची. मागच्याशी बोलायचं तर गर्रकन वळायचं. १९८७ मध्ये तिची पुढची मालिका ‘द नेक्स्ट जनरेशन’ आली तेव्हा कॅप्टनला ब्रिजला, म्हणजे त्या नियंत्रण कक्षाला, लागून स्वतःची खोली मिळाली. तिचं नाव रेडी रूम. हा शब्द विमानवाहू जहाजांवरचा. तिथे वैमानिक उड्डाणाआधी सूचना ऐकायला आणि हुकमाची वाट बघायला जमतात. या कॅप्टनची तयारी मात्र निराळी दिसली. टेबल, कोच, शेक्सपिअरचा जाडजूड ग्रंथ, भिंतीत मत्स्यपेटी, आणि ‘अर्ल ग्रे, गरम’ एवढं म्हटलं की चहाचा कप हजर करणारा कोनाडा. माशाचं नाव लिव्हिंग्स्टन. यानावर हल्ला झाला की तमाम अधिकारी आधी डावीकडे, मग उजवीकडे कलंडतात, यंत्रांतून ठिणग्या उडतात; पण लिव्हिंग्स्टनच्या पेटीतलं पाणी सांडलेलं निदान माझ्या तरी नजरेला पडलं नाही. अख्ख्या यानात स्थिर नोकरी त्याची एकट्याची.

बायको येता-जाता डोकावत होती. कॅप्टनने कोणाला तरी रेडी रूममध्ये बोलावलं तशी ती थांबली. “अरे, हे तर आमच्याच ऑफिससारखं,” ती म्हणाली. “‘जरा केबिनमध्ये या’ हे शब्द ऐकून कोणाचं भलं झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.”

मी ताडकन उठून बसलो. मराठीत साहेबाच्या खोलीलाही केबिन म्हणतात आणि जहाजातल्या खोलीलाही. इतकी वर्षं मी याला योगायोग समजत होतो. पुढचे भाग मी याच नजरेने पाहिले. ‘डीप स्पेस नाइन’ (१९९३) या मालिकेतल्या अंतराळस्थानकावर कमांडरचं ऑफिस चक्क जिने चढून वर आहे. स्थानक बांधणारे आधीचे मालक होते कार्डॅशियन नावाचे परग्रहवासी, आणि खालच्यांनी मान वर करूनच साहेबाकडे बघावं असा त्यांचा हिशेब. नव्या कमांडरने टेबलावर काय ठेवलं, तर एक बेसबॉल. पुढे स्थानक शत्रूच्या हाती सोडून जायची वेळ येते तेव्हा तो नेमका चेंडू मागे ठेवतो. खुर्ची बळकावायला आलेला शत्रू चेंडू बघतो आणि समजायचं ते समजतो: हा माणूस परत येणार आहे. एका चेंडूत एवढा निरोप! माझ्या टेबलावर काचेचा पेपरवेट आहे. तो बघून फार तर पंखा चालू असतो एवढं कळतं.

शोकेसचंही तसंच. १९९६ च्या ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ चित्रपटात बैठकीच्या दालनात जुन्या यानांच्या सोनेरी प्रतिकृती काचेआड मांडून ठेवल्या आहेत. आमच्या रेडी रूमवाल्या, चहावाल्या, शेक्सपिअरवाल्या कॅप्टनचा तोल जातो आणि तो त्या काचा फोडतो. कथेत काचेची शोकेस आली की कोणीतरी ती फोडणार हे मी तेव्हाच टिपून ठेवलं. माझ्या केबिनमध्येही एक घातली. मग आठवलं की आमच्या घरातल्या शोकेसची काच पुसायचं काम माझ्याकडे असतं, आणि काढून टाकली.

या सगळ्यांचा आजोबा मात्र समुद्रात आहे. जूल व्हर्नचा कॅप्टन नेमो, १८७० च्या आसपासचा. त्याच्या पाणबुडीत १२,००० पुस्तकांचं ग्रंथालय, दिवाणखान्यात चित्रं, शंखशिंपले, आणि वर ऑर्गन! पण त्याची स्वतःची खोली? लोखंडी खाट, कामाचं टेबल, भिंतीवर होकायंत्रं नि दाबमापकं. संपलं. थाट सगळा दिवाणखान्यात, जिथे पाहुणे येतात तिथे. म्हणजे जी खोली बघायला कोणी येणार नसतं ती सजवायच्या भानगडीत कॅप्टन लोक पडत नाहीत. माझ्या केबिनमध्ये यायला एक उपकप्तान होता, आणि तो दाराबाहेर ताटकळत होता.

दारावरून आठवलं. अंतराळयानात दार बिजागरीवर फिरत नाही, ‘श्शूक्’ करून बाजूला सरकतं. १९६६ च्या त्या मालिकेत दारामागे माणसं उभी असायची आणि ती दोरीने दारं ओढायची. कधी त्यांची वेळ चुकायची, मग तारामंडळं पालथी घालणारा कॅप्टन बंद दारावर नाक आपटायचा. माझी अडचण त्याहून गंभीर. सरकत्या दाराशी भांडणच करता येत नाही. ते धाडकन आपटता येत नाही, लाथेने उघडता येत नाही, ‘येऊ का?’ म्हणत अर्धं लोटून डोकं आत घालता येत नाही. माझ्या कथेत तीन ठिकाणी माणसं दार आपटून निघून जातात. तिन्ही ठिकाणी आता ती ‘श्शूक्’ करून निघून जातात आणि प्रसंगाची रया जाते.

पण लेकीचा मूळ प्रश्न तसाच होता. वजन आणायचं कुठून? मी म्हटलं, यान चाकासारखं फिरवू. तिने कॅल्क्युलेटर काढला. मिनिटाला दोनच फेऱ्या ठेवल्या आणि पृथ्वीइतकं वजन हवं असलं, तर चाकाची त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते. दिली. आपल्या खिशातून थोडीच जातंय! मग मी माझा आवडता प्रसंग लिहायला घेतला: हात पाठीमागे बांधून कॅप्टन मोठ्या खिडकीशी उभा आहे, अथांग ताऱ्यांकडे बघत जुन्या मित्राची आठवण काढतोय.

“यान फिरतंय ना?” लेक म्हणाली. “मग तारेही फिरणार. दर तीस सेकंदांनी एक चक्कर.”

कॅप्टनला मित्र आठवण्याआधी मळमळायला लागलं. शिवाय अशा चाकात ‘खाली’ म्हणजे बाहेरची दिशा. थेट बाहेर बघायचं तर खिडकी जमिनीत हवी. एकांतात अथांग अवकाशाकडे टक लावणारा माझा नायक आता गालिचा गुंडाळून गुडघ्यांवर बसलेला दिसू लागला, पलंगाखाली गेलेली चप्पल शोधावी तसा.

शेवटी मी चाक थांबवलं. तरंगू दे त्याला. खरे अंतराळवीर तरंगतातच की! म्हणून खऱ्यांचं काय चालतं ते वाचायला घेतलं, आणि माझ्या साहेबाची उरलीसुरली इज्जत तिथे गेली. वजनरहित अवस्थेत शरीर आपोआप गुडघे किंचित वाकवून, हात पुढे सोडून तरंगतं. खुर्चीत नव्वद अंशांत बसायचं तर पोटाचे स्नायू सतत आवळून धरावे लागतात. म्हणजे विचारात गढून बसलेला कॅप्टन हा वास्तविक व्यायाम करणारा कॅप्टन. १९७३ च्या स्कायलॅब स्थानकात तिघांचं जेवणाचं टेबल मुद्दाम त्रिकोणी केलं होतं, कोणी टेबलाच्या शिरोभागी बसू नये म्हणून. रेमंड लोवी या नामांकित डिझायनरला नासाने सल्ल्याला घेतलं होतं. त्याने आग्रह कशाचा धरला, तर खिडकीचा. साहेबासाठी वेगळं टेबल मागायचं त्याच्याही मनात आलं नसावं. आणि आजच्या आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाच्या कमांडरला खासगी जागा मिळते ती इतरांइतकीच, जुन्या टेलिफोन बूथएवढी. दिवसाला सोळा सूर्योदय, पण केबिन नाही.

या सगळ्यात मला एकच माणूस जवळचा वाटला. गालिना बालाशोवा. सोयूझ यानांची अंतर्रचना करणाऱ्या या सोव्हिएत वास्तुविशारद बाईंनी पहिल्या आराखड्यात चक्क कोच आणि कपाट दाखवलं. वर-खाली कळावं म्हणून जमीन गडद, छत फिकट. भिंतीवर लावायला स्वतः जलरंगातली चित्रं काढून दिली. चित्रं लावलेला यानाचा भाग परतीच्या वेळी वातावरणात जळून जातो, चित्रांसकट. हे त्यांना ठाऊक होतं. तरी पुढच्या यानासाठी त्या नवं चित्र काढायच्या. मी इथे तीन आठवडे एका खुर्चीवर अडलो होतो.

म्हणून त्या रात्री मी टेबल टाकलं, खुर्ची टाकली, कोच टाकला. भिंतीवर एक जलरंगाचं चित्र ठेवलं आणि दार उघडलं.

श्शूक्. उपकप्तान आत आला, पण उलटा. त्याचे पाय कॅप्टनच्या नाकासमोर. खरं म्हणजे उलटा कोण, हे ठरवायला खोलीत काही साधनच नव्हतं. कॅप्टनला त्याला झापायचं होतं, उशिराबद्दल. पण झापायचं तर समोरच्याला उभं करावं लागतं, आणि उभं राहणं म्हणजे काय तेच इथे कोणाला माहीत नव्हतं. ‘बसा’ म्हणावं, तर मेहेरबानी दाखवायला खुर्ची नाही. ‘चालते व्हा’ म्हणावं, तर चालणार कशावर? दोघंही हळूहळू गिरक्या घेत एकमेकांकडे बघत राहिले. कॅप्टन सावरायला कडी धरायला गेला, त्याचा कोपर उपकप्तानाच्या हाताला लागला आणि चिठ्ठी सुटली.

अंतराळस्थानकात हरवलेली वस्तू शोधायची रीत मी वाचलेली होती. सगळं काही तरंगत तरंगत शेवटी हवा खेचणाऱ्या जाळीवर जाऊन चिकटतं. तीन तासांनी चिठ्ठी तिथेच सापडली, एक चमचा आणि कोणाचा तरी डावा मोजा यांच्याशेजारी.

लेकीने एका दमात वाचलं. पहिल्यांदाच मध्ये काही विचारलं नाही. मला भरून आलं.

“मस्त आहे,” ती म्हणाली. “चिठ्ठीत काय होतं?”

मी छताकडे बघितलं. चिठ्ठीत काहीतरी होतं. फार महत्त्वाचं होतं.