परिषदेला आलेल्या पाहुण्यांना आपलं गाव नीट दाखवा

डॉक्टर, सीए, आर्किटेक्ट, इंजिनिअर, कुणाचीही राज्य किंवा राष्ट्रीय परिषद घ्या. सायंटिफिक कमिटी वर्षभर आधीपासून बसते. वक्ता कोण, विषय कुठला, बोलायला किती मिनिटं, प्रश्नांना किती, यावर रात्री उशिरापर्यंत खल चालतो. सोबत आलेल्या माणसांच्या सहलीची आठवण मात्र शेवटच्या पंधरवड्यात होते. कुणीतरी ट्रॅव्हल्सवाल्याला फोन लावतो, "दोन बस लागतील, नेहमीचं साइटसीइंग," आणि विषय मिटतो.

मला हे मुळीच पटत नाही. पाहुणा आपल्या गावात कदाचित आयुष्यात एकदाच येतो. भाषणं तो इतर परिषदांतही ऐकणार आहे, गाव मात्र त्याला तुम्हीच दाखवणार आहात. ही संघटनेच्या यजमान शाखेची जबाबदारी आहे, आणि तिच्यासाठी एक जाणता माणूस आणि पुरेसा वेळ राखून ठेवलाच पाहिजे.

मी हे दोन्ही बाजूंनी पाहतो. बायको पॅथॉलॉजिस्ट आहे, मी शाळेत इतिहास शिकवतो. तिच्या परिषदेला गेलो की माझ्या गळ्यात ‘अकम्पनीइंग पर्सन’चं, म्हणजे सोबत आलेल्या माणसाचं, कार्ड असतं. आणि आम्ही राहतो छत्रपती संभाजीनगरात, त्यामुळे इथे परिषद भरली की तिच्या सहकाऱ्यांच्या घरच्या मंडळींना लेणी दाखवायला मी जातो. हे काम मला मनापासून आवडतं, म्हणूनच एवढं लांबलचक लिहितोय.

आमच्या गावचं नेहमीचं साइटसीइंग म्हणजे दौलताबादचा किल्ला, खुलताबादचा भद्रा मारुती आणि औरंगजेबाची कबर, घृष्णेश्वर, वेरूळची लेणी, परतीच्या वाटेवर बीबी का मकबरा आणि पाणचक्की, शिवाय मध्ये हिमरू-पैठणीचं एखादं दुकान. हे सगळं एका दिवसात. संध्याकाळी सातच्या आत हॉटेल गाठायचं, कारण बँक्वेटसाठी तयार व्हायचं असतं. यात कैलास लेण्याच्या वाट्याला पाऊण तास येतो आणि दुकानाच्या वाट्याला त्याहून जास्त. माणसं दिवसभर बसमधून चढतात-उतरतात, रात्री जेवताना विचारलं तर कुठलं देऊळ कुठे होतं हेसुद्धा नीट सांगता येत नाही. दोष त्यांचा नाही. एवढी घाई केली तर कुणाच्याही डोक्यात काही राहणार नाही.

वेरूळला ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. ती सगळी एका फेरीत दाखवायचा हट्ट मी धरत नाही. माझ्यासोबतच्या मंडळींना मी निघतानाच सांगतो की आज तीनच लेणी बघायची आहेत आणि त्यासाठी तीन तास लागणार आहेत. काहींचा चेहरा पडतो, पैसे भरलेत मग तीनच का, असं वाटतं. ते साहजिक आहे.

मग सोळाव्या, म्हणजे कैलास लेण्याशी आलो की ज्यांना चढवतं त्यांना मी दारातून आत नेण्याआधी बाजूच्या टेकडीवर नेतो. वरच्या कड्यावरून खाली पाहिलं की शिखर आपल्या पायांच्या पातळीला असतं आणि त्याच्याभोवती खोल कापत गेलेला कातळ दिसतो. कैलास कळसाकडून पायाकडे कोरत आणलंय, हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेलं असतं. त्याचा अर्थ मात्र तिथे उभं राहिल्यावर कळतो. देऊळ बांधताना चुकलेला दगड काढून दुसरा बसवता येतो. इथे चुकीला जागाच नव्हती, कारण जो दगड राखला तोच देऊळ झाला. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हे मुख्य काम झालं. मागची कातळभिंत शंभर फुटांहून उंच आहे. एकदा नाशिकहून आलेले एक निवृत्त ठेकेदार, सुनेच्या परिषदेसाठी सोबत आले होते, त्या कड्यावर उभे राहून बराच वेळ खाली बघत राहिले आणि म्हणाले, "सर, एवढा मलबा नेला कुठे?" त्या एका प्रश्नावर सगळा गट अर्धा तास बोलत होता. माणसं किती असतील, छिन्न्यांना धार कुठे लावत असतील, पावसाळ्यात त्या खड्ड्यात साचलेल्या पाण्याचं काय करत असतील. मग खाली उतरून आत गेलो, तेव्हा कैलास हलवू पाहणाऱ्या रावणाचं शिल्प नुसता फोटो काढून कुणी सोडलं नाही. त्यानंतर दहावं लेणं, ज्याला आपल्याकडे सुताराची झोपडी म्हणतात, तिथे वर दगडात कोरलेल्या, लाकडी वाटाव्यात अशा फासळ्या. आणि शेवटी जैन लेण्यांतली इंद्रसभा. बस्स. त्या दिवशी दौलताबाद राहिलं, मकबरा राहिला, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

अजिंठ्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे नियोजन चुकलं की अख्खा दिवस वाया जातो. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. आपल्या परिषदा बहुतेक शुक्रवार ते रविवार भरतात आणि पाहुणे एक दिवस मुक्काम वाढवतात तो सोमवारीच. तरीही एका परिषदेच्या छापील पत्रिकेत मी सोमवारी अजिंठा पाहिलंय. लांबून आलेली माणसं शंभर किलोमीटर जाऊन बंद फाटक बघून परत आली असती, कुणाच्या तरी वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. म्हणून हे पाठ करून ठेवा: सोमवारी वेरूळ, परिषदेच्या दिवसांत अजिंठा.

शंभर किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे, म्हणजे त्या दिवशी दुसरं काहीही ठेवायचं नाही. फर्दापूरजवळच्या टी-पॉइंटला आपली बस सोडून तिथल्या बसने लेण्यांच्या पायथ्याशी जावं लागतं, पुढे पायऱ्या. वयस्कर माणसांसाठी डोली मिळते, पण ती आधी सांगून ठेवली तर बरं. वाटेत बायकांना जाता येईल असं स्वच्छ स्वच्छतागृह कुठे आहे, हे आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन बघून यावं. हे कुणी पत्रिकेत लिहीत नाही, पण सहल सुखाची होते की त्रासाची, ते बरंचसं यावरच ठरतं.

आणि पन्नास जणांचा घोळका रंगीत चित्रांच्या लेण्यात नेऊ नका. पंधरा-वीस जणांचे गट करा. पहिल्या लेण्यातल्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रासमोर गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला काही मिनिटं लागतात. पुढचा गट ढकलत असेल तर डोळे सरावायच्या आत माणूस बाहेर पडलेला असतो. डॉक्टर मंडळी सोबत असली की मी सोळाव्या लेण्यात जरा जास्त थांबतो. तिथे ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणून ओळखलं जाणारं चित्र आहे. नवऱ्याने संन्यास घेतल्याचं कळल्यावर कोसळलेली, बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी, अशी त्याची ओळख सांगतात. तिची मान कललेली, डोळे जड झालेले, मागून एकीने सावरून धरलंय, एक पंखा घालतेय. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने आजारी माणसाभोवतीची धावपळ किती बारकाईने पाहिली असेल! आयुष्यभर आयसीयूत काम केलेल्या एका भूलतज्ज्ञ बाईंनी त्या चित्रातल्या प्रत्येक बाईच्या हाताकडे बघायला सांगितलं. कोण आधार देतंय, कोण नुसतं घाबरून बघतंय. मी ते चित्र इतके वेळा दाखवलं होतं, पण असं मला कुणी दाखवलं नव्हतं. जाणकार पाहुणा गावाला काहीतरी देऊन जातो तो असा, आणि त्यासाठी त्याला तिथे उभं राहायला वेळ मिळावा लागतो.

आता ‘लेडीज प्रोग्रॅम’बद्दल. मेंदी, त्वचेची निगा, पदार्थांचं प्रात्यक्षिक, पैठणी जिंकायचे खेळ. ज्यांना आवडतं त्यांनी जरूर करावं, त्यात आनंद आहे. पण परिषदेला येणाऱ्यांत आज बायकांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्यासोबत नवरे येतात, वडील येतात, शाळकरी मुलं येतात. त्यांचा विचार पत्रिकेत कुठेच नसतो. त्याहून मला खुपतं ते वेगळंच. तान्हं बाळ असलेली तरुण डॉक्टर परिषदेला येते तेव्हा आईला किंवा सासूबाईंना सोबत आणते. त्या बाईंना लेणी बघायची नसतात, मेंदीही काढायची नसते. सभागृहापासून जवळ एक शांत खोली, एक पलंग, गरम पाणी, आणि दोन सत्रांच्या मध्ये लेकीला येऊन बाळाला पाजता येईल एवढी सोय त्यांना हवी असते. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो. पंचतारांकित हॉटेलात भरलेल्या परिषदेत तो मला अजून दिसलेला नाही. किट बॅगवर होणाऱ्या खर्चाच्या अगदी थोड्या भागात हे होईल.

संध्याकाळच्या जेवणाचंही तसंच. पत्रिकेत साडेसात लिहिलेलं असतं. मग सत्कार, मग आभार, मग डीजे, आणि जेवण उघडतं साडेदहाला. ज्या लोकांनी दिवसभर मधुमेहावर व्याख्यानं ऐकली, त्यांच्याच सोबतचे वडीलधारे इन्सुलिन घेऊन रिकाम्या ताटाकडे बघत बसतात. शिवाय त्या आवाजात बोलता येत नाही. ही संध्याकाळ असते कशासाठी? लातूरच्या, पदव्युत्तर शिकणाऱ्या मुलीला मुंबईच्या प्राध्यापकांशी दोन शब्द बोलता यावेत, ज्याचं पुस्तक वाचून परीक्षा दिली त्याला भेटता यावं, यासाठीच ना? ती मुलगी मैत्रिणींच्या घोळक्यात कोपऱ्यात उभी राहते आणि प्राध्यापक व्हीआयपी टेबलावर.

माझी धाकटी बहीण गणितात संशोधन करते. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये ओबरवोल्फाख नावाच्या गावी गणितज्ञांची एक नावाजलेली संस्था आहे, १९४४ मध्ये सुरू झालेली. तिथे आठवडाभराच्या बैठका होतात. जेवणाच्या वेळी प्रत्येकाच्या नावाचं नॅपकिनचं पाकीट कुठल्याही टेबलावर ठेवलेलं असतं, जिथे नाव तिथे बसायचं. आज शेजारी नवखा विद्यार्थी, उद्या जगप्रसिद्ध गणिती. आणि बुधवारी दुपारी व्याख्यानं बंद. सगळे मिळून जंगलातून चालत सांक्ट रोमान नावाच्या खेड्यात जातात, तिथे केक खातात आणि परत येतात. ही तिथली जुनी प्रथा आहे. चालणं हा त्यांच्या कार्यक्रमाचाच भाग आहे, कारण चालता चालता माणसं मोकळेपणाने प्रश्न विचारतात. आपल्याकडे लेणी बघायची सोबतच्यांनी आणि डेलिगेटने तीन दिवस एसी सभागृहात बसायचं, अशी वाटणी का? एका दुपारची सत्रं कमी करा आणि सगळ्यांना मिळून वेरूळला न्या. तीस किलोमीटर तर आहे. समांतर चालणाऱ्या चार सभागृहांतली अर्धी तशीही त्या वेळी रिकामी असतात.

पैशांचंही बोललं पाहिजे. २००९ मध्ये मेडिकल कौन्सिलने आचारसंहितेत दुरुस्ती केली आणि डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून प्रवास आणि पाहुणचार घेण्यावर बंदी आली. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या औषध विभागाने कंपन्यांसाठी जी संहिता आणली तिच्यात तर कुटुंबीयांचाही स्पष्ट उल्लेख आहे. हे योग्यच झालं, माझं त्याला पूर्ण समर्थन आहे. म्हणजे सोबतच्या माणसाचं शुल्क आता आपण आपल्या खिशातून भरतो, वर अठरा टक्के जीएसटी. मग त्या शुल्कात काय मिळणार हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. सहल त्यात आहे की वेगळे पैसे, बसमध्ये माणसं किती, सोबत मान्यताप्राप्त गाइड आहे का, लेण्यात किती तास. हे सगळं नोंदणीच्या फॉर्मवर छापलेलं हवं. आणि सहलीच्या वाटेवरच्या दुकानातून कमिशन घेणारा एजंट नको, हे करारातच लिहा. पैठणी ज्यांना घ्यायची असते ते स्वतःहून पत्ता विचारतात.

जेवणात एक ओळ आपल्या मातीची असू द्या, एवढं आणखी. आमच्या शहरात येऊन पाहुण्याने नान खलिया चाखला नाही, शाकाहारी माणसाला ज्वारीची भाकरी आणि येसर आमटी मिळाली नाही, आणि लाइव्ह पास्ता काउंटरसमोर मात्र रांग लागली, याचं मला खरंच वाईट वाटतं. करमणुकीलाही बाहेरून कुणी आणायची गरज नाही. एकनाथांचं पैठण इथून तासाभराच्या अंतरावर आहे, भारूड करणारी उत्तम मंडळी मराठवाड्यात आहेत. त्यांना पाऊण तास द्या, चांगलं मानधन द्या, आणि त्यानंतर आवाज बंद करून माणसांना एकमेकांशी बोलू द्या.

प्रत्येक गावात गाव जाणणारी माणसं असतात. इतिहासाचे शिक्षक, पुरातत्त्वाचे विद्यार्थी, किल्ल्यांवर जाणारे ग्रुप. कोल्हापूर, नाशिक, नागपूर, पणजी, कुठेही. परिषदेच्या तारखा ठरतात त्याच बैठकीत त्यांच्यापैकी दोघांना बोलवा आणि सहलीची आखणी त्यांच्या हाती द्या, मानधनासह. आमच्या शहरात परिषद भरणार असेल तर मला मेसेज करा, सुट्टी टाकून येईन. फक्त पाहुणे किती, त्यात सत्तरीच्या पुढचे किती आणि गुडघ्याचा त्रास कुणाकुणाला आहे, एवढं महिनाभर आधी कळवा. डोल्या किती सांगायच्या आणि बस किती वाजता काढायची, ते त्यावर ठरतं.