इंग्रजीत ८२ म्हणजे नेमकं काय?

२०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच विषय चालू होते. एक, महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी आणणारे शासन निर्णय आणि जूनअखेर ते मागे घेतल्याचा जल्लोष. दुसरा, शाळाप्रवेशाच्या फॉर्मवर ‘घरी कोणती भाषा बोलता?’ या रकान्यात काय लिहायचं. पहिल्या विषयात मराठीसाठी बाह्या सरसावणारे बरेचजण दुसऱ्या विषयात एका सुरात सांगत होते, ‘इंग्लिश लिहा हो. मराठी लिहिलंत तर पोराला ईएसएलमध्ये टाकतील.’ ईएसएल म्हणजे घरी इंग्रजी नसलेल्या मुलांना इंग्रजी शिकवायचा वेगळा वर्ग.

मी न्यू जर्सीत राहतो. मुलगी दुसरीत असताना आम्ही इथे आलो, आणि त्या रकान्यात मी मराठी लिहिलं. खोटं लिहायला भीती वाटली म्हणून. भाषाप्रेम वगैरे नंतर सुचलं. व्हायचं तेच झालं. तिची चाचणी झाली आणि महिन्याभरात घरी पत्र आलं. मुलीची इंग्रजीची पातळी काय, ती कशी मोजली, कुठल्या वर्गात बसवणार, त्यातून बाहेर पडायला साधारण किती काळ लागतो, आणि तुम्हाला हे नको असेल तर नाही म्हणायचा हक्क आहे, असं सगळं त्यात होतं. शाळेचा चांगुलपणा म्हणून हे येत नाही. वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालकांना हे कळवणं अमेरिकेच्या २०१५ च्या संघराज्य कायद्यानं बंधनकारक आहे. त्याचं मूळ आणखी मागे, १९७४ च्या ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात आहे. इंग्रजी न समजणाऱ्या मुलांना इतरांसारखीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली, हा सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांचा बचाव तिथल्या चिनी मुलांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला नाही.

वर्षाच्या शेवटी आला तो कागद मी अजून जपून ठेवलाय. आमच्या राज्यात आणि इतर बऱ्याच राज्यांत ‘ॲक्सेस’ नावाची परीक्षा दरवर्षी होते. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं यांच्या चार आडव्या पट्ट्या, प्रत्येक १ ते ६. मुलीची ऐकण्याची पट्टी साडेचारच्या पुढे, बोलण्याची चारच्या आसपास, वाचण्याची तीनच्या अलीकडे आणि लिहिण्याची जेमतेम दोन. आम्ही चाट पडलो. पहिले चार महिने पोरगी वर्गात तोंड उघडत नव्हती. मग एकदम सुटली, ती इतकी की फोनवर आजीला म्हणाली, ‘वेट, आय ॲम टॉकिंग.’ आजी खूष, आम्ही खूष, इंग्रजी आलं! कागद सांगत होता, आलं नाही. मैदानावरचं इंग्रजी आलंय, पुस्तकातलं यायचंय.

जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकानं १९७९ पासून हेच मांडलंय. गप्पांपुरती भाषा साधारण दोन वर्षांत जमते, अभ्यासाची भाषा पाच ते सात वर्षं घेते. बोलण्यावर भाळलेल्या आईबापांना हे कुणीतरी आकड्यानं दाखवावं लागतं. ‘ॲक्सेस’च्या एकूण गुणांतही वाचन आणि लेखन यांचं वजन ३५-३५ टक्के, ऐकणं-बोलणं १५-१५. नुसत्या फाडफाड बोलण्यावर सुटका नाही.

आता तिकडचं, महाराष्ट्रातलं. ताईचा मुलगा सातवीत, इंग्रजी माध्यमात. प्रगतीपुस्तकात इंग्रजीला ८२. व्हिडिओ कॉलवर माझ्या मुलीनं त्याला विचारलं, सुट्टीत काय केलंस? तो हसला, आणि फोन ताईच्या हातात दिला. पोरगा हुशार आहे. निबंध पाठ, पत्र पाठ, उताऱ्याखालचे प्रश्न गाइडातले. म्हणजे माझ्या मुलीच्या बरोब्बर उलट. तिचं बोलणं पुढे आणि लिहिणं मागे, याचं लिहिणं (निदान कागदावर) पुढे आणि बोलणं शून्य. दोघांना एकेक आकडा दिला तर तो कदाचित सारखाच येईल, आणि दोघांच्याही आयांना त्यातून काही कळणार नाही.

आपल्याकडे वाद कशावर होतात? इंग्रजी कितवीपासून? ते तर मराठी शाळांतही २००० पासून पहिलीलाच आहे. मग माध्यम कुठलं, तिसरी भाषा कुठली, नापास करायचं की नाही. शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास बंद केलं, २०२३ मध्ये महाराष्ट्रानं पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली, दोन्ही वेळा अग्रलेख झडले. पण पास झालेल्याला काय येतं, हे घरी कसं कळवायचं, यावर मी तरी कधी कुणाला भांडताना पाहिलं नाही. मुलांना काय येतं हे तपासणाऱ्या २०२२ च्या ‘असर’ पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागात पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्याला साधी इंग्रजी वाक्यं वाचता आली. उरलेल्यांच्या घरी हे कुणी कळवलं होतं का?

प्रगतीपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदींची कल्पना चांगली होती. शिक्षकानं मुलाकडे बघून दोन ओळी लिहायच्या. लवकरच तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या आणि सगळ्या वर्गाला तीच चार वाक्यं आलटूनपालटून मिळाली. शिक्षकांना मी फार दोष देत नाही. इतर कामांच्या ढिगातून त्यांनी लिहावं तरी कधी? आता नव्या शिक्षण धोरणातलं समग्र प्रगतीपत्रक येतंय. त्याचंही तसंच होईल अशी मला धास्ती आहे.

इथे अमेरिकेत सगळं छान आहे असं समजू नका. परीक्षा हिवाळ्यात, निकाल वर्ष संपताना. बाईंना त्याचा उपयोग काय? आम्हाला तो कागद मिळाला इंग्रजीत. पालकभेटीला मराठी दुभाषा नव्हता, म्हणून फोनवर हिंदी दिला. आमचं इंग्रजी त्याच्या मराठीपेक्षा बरं होतं, निभावलं. पण इंग्रजी न येणारी आई असती तर? शिवाय ‘ईएल’ (इंग्लिश लर्नर, म्हणजे इंग्रजी शिकणारा) हा शिक्का मुलांना बोचतो, हे ग्रुपवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. आणि २०२५ मध्ये मार्चला इंग्रजी देशाची अधिकृत भाषा ठरली, ऑगस्टमध्ये या मुलांबद्दल शाळांना दिलेली २०१५ ची सविस्तर मार्गदर्शक सूचनाही मागे घेतली गेली. कायदा आहे तिथेच आहे, पण तो पाळून घेणारे हात सैल होताहेत.

तरीही ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असे ते चार रकाने मला आपल्याकडच्या प्रगतीपुस्तकात हवेत. वर्षातून दोनदा, परीक्षेशिवाय, आणि मराठीत. इंग्रजी माध्यमाच्या शाळेनंसुद्धा मराठीत, कारण वाचणारी आई मराठी शाळेत शिकलेली असते. ताईला डायरीतला ‘नीड्स टू इम्प्रूव्ह’ मोबाइलवर भाषांतर करून वाचावा लागतो, आणि काय सुधारायचं ते भाषांतरातही सापडत नाही.

मी सांगितलं म्हणून दिवाळीनंतरच्या पालकसभेत ताईनं बाईंना विचारलं, ‘याला न पाहिलेलं किती वाचता येतं?’ बाईंनी कपाटातून एक गोष्टीचं पुस्तक काढलं. भाचा पहिल्या दोन ओळी वाचून तिसरीला अडकला, मग ‘थॉट’ला ‘थाऊट’ म्हणाला. बाई जरा वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, वर्गात साठ मुलं आहेत, एकेकाला असं पाच मिनिटं बसवलं तरी पाच तास होतात. मग ते पुस्तक त्यांनी ताईकडेच दिलं. रात्री ताईचा फोन आला. ‘थॉट’चा उच्चार विचारायला.